एका गोळीची चतुःसीमा

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. गेली वीस-बावीस वर्षं आयटीत सल्लागार म्हणून काम करते, मध्ये एमबीए केलं, आणि त्यातली काही वर्षं औषध कंपन्यांच्या कागदपत्रांच्या सिस्टिम बसवण्यात गेली. म्हणजे पेटंटची फाईल कुठल्या कपाटात ठेवायची हे मला नीट ठाऊक होतं, पण आत काय लिहिलंय ते कधी उघडून वाचलं नव्हतं. ते वाचायची वेळ बाबांमुळे आली.

गेल्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तेव्हापासून त्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अपिक्साबानची गोळी आहे, सकाळी एक आणि रात्री एक. येताना तीन महिन्यांचा साठा बरोबर आणला होता, पुढचा दादा कुरिअरनं पाठवणार होता. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. आम्ही रोज ट्रॅकिंग नंबर बघत होतो आणि बाबा शांत होते. ते इतके शांत का होते हे मला एका रविवारी कळलं. त्यांच्या पट्टीत जितक्या गोळ्या उरायला हव्या होत्या त्यापेक्षा सहा जास्त होत्या. सहा दिवस ते फक्त सकाळची गोळी घेत होते. “पुरवून पुरवून वापरतोय गं,” म्हणाले, “तुम्हाला खर्चात कशाला पाडू?”

मंडळी, मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. या गोळीच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो की ती मध्येच बंद केली तर गुठळीचा धोका वाढतो. गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. गोळीचा परिणाम दिवसभर टिकत नाही म्हणून तर ती दोनदा द्यायची असते.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांना दाखवलं, प्रिस्क्रिप्शन घेतलं आणि फार्मसीत गेलो. व्हिजिटर इन्शुरन्सनं जुना आजार म्हणून हात वर केले. रोख भाव विचारला तर महिन्याचे सहाशे डॉलरच्या घरात. पुण्यात हीच गोळी बाबा महिन्याला हजार-बाराशे रुपयांत घेतात. आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतल्या आणि गाडीत बसलो. बाबांनी बराच वेळ त्या डबीकडे बघितलं आणि म्हणाले, “याचं पेटंट संपलं म्हणून आपल्याकडे स्वस्त झाली, असं आमच्या केमिस्टनं सांगितलं होतं. मग इथे का नाही संपलं? गोळी तीच आहे ना?”

आजचं बोलणं या एका प्रश्नावर आहे. त्याचं उत्तर शोधायला मला तीन-चार रात्री लागल्या, आणि तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील इथे येऊन राहतात त्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं.

पेटंट कुठून वाचायचं, ही पहिली अडचण. आपण पहिल्या पानापासून वाचतो आणि दहाव्या पानावर झोपतो. अमेरिकेतलं पेटंट शेवटापासून वाचायचं. आपल्याकडे जमिनीचं खरेदीखत बघितलंय ना? त्यात आंब्याची झाडं असतात, विहीर असते, पूर्वजांची नावं असतात. पण जमीन नेमकी किती आणि कुठली हे ठरतं चतुःसीमेवरून: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक यांची मिळकत. पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून जे दावे लिहिलेले असतात ती त्याची चतुःसीमा. आधीची शंभर पानं म्हणजे झाडं आणि विहिरी. कोर्टात भांडण होतं ते शेवटच्या त्या परिच्छेदांवर, कधी कधी त्यातल्या एका शब्दावर.

आणि दुसरी गोष्ट, एका औषधाला एकच पेटंट असतं हा आपला गैरसमज. बाबांची गोळी अमेरिकेत एलिक्विस नावानं मिळते. ब्रिस्टल मायर्स स्क्विब आणि फायझर या दोन कंपन्या मिळून ती विकतात. तिच्याभोवती महत्त्वाची दोन पेटंटं आहेत. पहिलं खुद्द रेणूवर. अपिक्साबान हा रेणू तुम्ही कुठल्याही पद्धतीनं बनवा, गोळीत घाला नाहीतर पातळ औषधात घाला, तुम्ही त्या कुंपणाच्या आत आलात. याहून मजबूत पेटंट औषधात नसतं.

दुसरं पेटंट मी तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. ते आहे गोळीतल्या औषधाच्या कणांच्या आकारावर. अपिक्साबानचे स्फटिकरूप कण असावेत, त्यातले नव्वद टक्के कण सुमारे ८९ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असावेत, आणि ठरावीक द्रावणात ठरावीक तपमानाला तीस मिनिटांत किमान ७७ टक्के औषध विरघळावं. ८९ मायक्रॉन म्हणजे साधारण आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी. इतक्या बारीक दळलेल्या औषधाची गोळी, यावर वेगळा हक्क, वेगळी मुदत.

आता धंद्याच्या अंगानं बघा. समजा तुम्हाला हे कुंपण टाळून जायचंय. रस्ता कागदावर तरी दिसतो: कण जाड ठेवा, किंवा स्फटिक नसलेलं रूप वापरा. पण जेनेरिक गोळीला सरकारी मंजुरी हवी असेल तर ती मूळ गोळीइतकीच आणि तितक्याच वेगानं रक्तात उतरली पाहिजे. औषध पाण्यात फारसं विरघळत नसेल तर जाडसर दळून हे साधायचं कसं? म्हणजे कुंपण अशा ठिकाणी घातलंय की जिथून बैलगाडी जाऊ शकते ती एकच वाट अडते. एमबीएला आम्हाला बाजारात शिरण्यातले अडथळे शिकवले होते तेव्हा सरांनी विमानतळाची उदाहरणं दिली होती. हे उदाहरण दिलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.

मुदतीचा हिशोब असा. जगात बहुतेक ठिकाणी पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं असतं. रेणूच्या पेटंटचा अर्ज सप्टेंबर २००२ चा. भारतात मुदतवाढ नावाची भानगडच नाही, त्यामुळे तिकडे ते सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. बाबांचा केमिस्ट बरोबर बोलत होता. अमेरिकेत मात्र औषधाच्या चाचण्या आणि मंजुरीत गेलेल्या वेळेपैकी काही भाग कंपनीला परत मिळतो, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि मंजुरीनंतर एकूण चौदा वर्षांपलीकडे जायचं नाही अशी अट. एलिक्विसला मंजुरी मिळाली डिसेंबर २०१२ च्या शेवटी. रेणूचं पेटंट इथे यंदा नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतं. आणि त्या बारीक दळणाचं? ते २०३१ पर्यंत.

ही माहिती गुप्त नाही बरं का. एफडीए एक यादी ठेवते, तिला ऑरेंज बुक म्हणतात. पहिली आवृत्ती १९८० च्या ऑक्टोबरात हॅलोविनच्या सुमारास निघाली म्हणून मुखपृष्ठ नारिंगी केलं, अशी गोष्ट सांगतात. मी तिला औषधाचा सातबारा म्हणते. एफडीएच्या साइटवर औषधाचं नाव टाकलं की कोणकोणती पेटंटं बसली आहेत, रेणूवर की गोळीवर की वापरावर, आणि कधी संपतात, सगळं दिसतं. घरात कुणी इन्सुलिन किंवा इंजेक्शनवालं जैविक औषध घेत असेल तर त्याची यादी वेगळी, जांभळी: पर्पल बुक. पण ऑरेंज बुकात शेवटची तारीख बघून गप्प बसू नका. ती फक्त बोजा दाखवते. बोजावर दावा चालू आहे का हे तिथे कळत नाही, आणि खरा खेळ तिथेच असतो.

तो खेळ १९८४ च्या एका कायद्यानं बसवलाय, हॅच-वॅक्समन. त्यात जेनेरिक कंपनी पेटंट संपायची वाट न बघता अर्ज करू शकते आणि सांगू शकते की तुमचं पेटंट मुळात चुकीचं आहे किंवा मी त्यात येतच नाही. मूळ कंपनीनं ४५ दिवसांत खटला भरला की मंजुरी साधारण तीस महिने लांबते. आणि जो जेनेरिकवाला पहिला अर्ज करतो, तो जिंकला तर त्याला १८० दिवस दुसरा जेनेरिक स्पर्धक नको, असं बक्षीस. म्हणून मोठ्या औषधावर पहिल्याच दिवशी अर्जांची झुंबड उडते. २०१७ साली एलिक्विसला पंचवीस कंपन्यांनी असं आव्हान दिलं. पंचवीस! एकट्या ब्रिस्टल मायर्सच्या हिशेबात या गोळीची विक्री २०२३ मध्ये बारा अब्ज डॉलरांवर गेली होती, तेव्हा झुंबड उडणारच.

या पंचविसांपैकी बहुतेकांनी कोर्टाबाहेर तडजोड केली. शेवटपर्यंत खटला लढल्या तीन कंपन्या, त्यातली एक आपल्या मुंबईची, युनिकेम. ऑगस्ट २०२० मध्ये डेलावेअरच्या कोर्टानं दोन्ही पेटंटं वैध ठरवली, सप्टेंबर २०२१ मध्ये अपिलातही तेच झालं. तडजोडींनुसार अमेरिकेत जेनेरिक अपिक्साबान दुकानात यायची तारीख आहे १ एप्रिल २०२८. म्हणजे रेणूचं पेटंट संपल्यावर सुमारे सव्वा वर्षानं, आणि दळणाचं पेटंट संपायच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. दोघांनी मधली तारीख पकडली. आपल्याकडे बांधाचं भांडण तलाठ्यासमोर असंच मिटतं.

आता यातली सगळ्यात चकवणारी गोष्ट. २०१९ च्या डिसेंबरात एफडीएनं दोन कंपन्यांच्या जेनेरिक अपिक्साबानला मंजुरी दिली. एक मायलन आणि दुसरी बंगळूरची मायक्रो लॅब्ज, आपली डोलो ६५० बनवणारी. त्या मंजुरीची बातमी अजून व्हॉट्सअॅपवर फिरते, ‘एलिक्विस स्वस्त झालं, आईबाबांना सांगा’ म्हणून. मंजुरी खरी आहे. पण मंजुरी म्हणजे गोळी चांगली आणि सुरक्षित आहे एवढंच. विकण्याचा हक्क पेटंटवर अवलंबून. मंजूर होऊन सहा वर्षं झाली, गोळी इथल्या फार्मसीत नाही. त्यामुळे एखाद्या वेबसाइटवर अमेरिकेतलं ‘जेनेरिक एलिक्विस’ स्वस्तात दिसलं तर ते कुठून येतंय याची शंका घ्या.

हा कार्यक्रम लंडन-मँचेस्टरचेही बरेच जण ऐकतात, तुमच्याकडची गंमत आणखी वेगळी. तिथल्या कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये रेणूचंच पेटंट रद्द केलं. मे २०२३ मध्ये अपील कोर्टानं तो निर्णय कायम ठेवला. कारण ऐकण्यासारखं आहे. मूळ अर्जात रेणूंचा मोठा थोरला गोतावळा होता, अपिक्साबान त्यातला एक. पण हा विशिष्ट रेणू काम करतो असं दाखवणारा एकही आकडा अर्जात नव्हता. न्यायालयाचं म्हणणं, दाव्यावर विश्वास बसावा असं काहीतरी अर्जाच्या दिवशीच कागदावर हवं होतं, पुढे दहा वर्षांनी औषध यशस्वी झालं हे पुरत नाही. युरोपातल्या इतर काही देशांत मात्र याच पेटंटला कोर्टांनी उचलून धरलं. एकच रेणू, एकच शोध, आणि एका देशात चतुःसीमा पक्की, दुसऱ्यात मोजणीलाच चूक निघाली.

भारतात काय होतं याबद्दल थोडं. १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंटच नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. आपली जेनेरिक कंपन्यांची सगळी फौज त्यातून उभी राहिली. २००५ पासून रेणूवर पेटंट देणं सुरू झालं, पण सोबत एक खुंटा ठोकून ठेवला, कलम ३(ड). माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलं तर त्यानं गुण वाढल्याचं दाखवा, नाहीतर पेटंट नाही. नोव्हार्टिसच्या ग्लीव्हेक या कर्करोगाच्या औषधावर सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला याच कलमावर निकाल दिला आणि सांगितलं की गुण म्हणजे रोगावरचा गुण, साठवायला सोपं किंवा विरघळायला बरं एवढं पुरेसं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण याच उद्योगात नोकरीला आहात. प्रिन्स्टनच्या आसपास गाडी फिरवली तर दर दुसऱ्या इमारतीत आपलं कुणीतरी असतं. त्यामुळे आता जे म्हणते ते तुमच्यापैकी काहींना पटणार नाही, पण म्हणते. आधी कंपनीची बाजू. माझी आजी, आईची आई, वॉरफरिन घ्यायची. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, मेथी-पालक मोजून खायचा, एक क्रोसिन घेतानाही डॉक्टरांना फोन. (वॉरफरिन आधी उंदीर मारायला विकलं जायचं, आणि त्याच्या नावातलं ‘वॉर्फ’ म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाची पेटंट सांभाळणारी संस्था. पेटंटनं इथेही पाठ सोडली नाही.) अपिक्साबानमागचं संशोधन ड्यूपाँच्या औषध विभागात सुरू झालं, तो विभाग २००१ मध्ये ब्रिस्टल मायर्सनं घेतला. मग १८,२०१ रुग्णांवर वॉरफरिनशी तुलना करणारी चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला: पक्षाघात कमी, मोठे रक्तस्राव कमी, मृत्यूही कमी. एवढी चाचणी करणं येरागबाळ्याचं काम नाही. बाबा पालक खातात, रक्त तपासायला धावत नाहीत, हे त्या पैशामुळे शक्य झालं. रेणूच्या पेटंटबद्दल, अगदी त्या मुदतवाढीबद्दलही, माझी तक्रार नाही.

दळणाच्या पेटंटबद्दल आहे. औषध बारीक केलं की लवकर विरघळतं हे आपल्या खलबत्त्याला माहीत आहे. मला ठाऊक आहे, कोर्टात ही बाजू मांडली गेली, न्यायाधीशांनी पुरावा ऐकला आणि ती मान्य केली नाही, ‘एवढं सोपं नाही ते’ असा निकाल दिला. निकाल मान्य. पण महिन्याला सहाशे डॉलर देणारा माणूस त्या सव्वा वर्षात नक्की कुठल्या शोधाचे पैसे देतोय, हे मला माझ्या वडिलांना समजावता आलं नाही. प्रयत्न केला.

दरम्यान भावात थोडी हालचाल झाली आहे. मेडिकेअरनं सरकारी वाटाघाटीतून ठरवलेला भाव या जानेवारीपासून लागू झाला, महिन्याला २३१ डॉलर. पण तो मेडिकेअर असलेल्यांसाठी, पाहुण्या आईबाबांना त्याचा उपयोग नाही. गेल्या सप्टेंबरपासून कंपनीनं इन्शुरन्सशिवाय थेट विकत घेणाऱ्यांना महिन्याला ३४६ डॉलरचा भाव ठेवलाय. आम्ही गेलो तेव्हा ती सोय नव्हती. प्रिस्क्रिप्शन लागतंच.

आणि येणाऱ्यांची तयारी. परदेशातून येताना साधारण नव्वद दिवसांपुरतं औषध बरोबर आणावं असं एफडीए सांगते. मूळ पट्ट्यांत आणि पाकिटात, घरच्या प्लास्टिकच्या डबीत काढून नाही. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत चिठ्ठी, औषधाच्या घटकाचं नाव लिहून. मुक्काम त्याहून मोठा असेल तर उरलेलं मागून पाठवता येतं, पण पार्सलमध्ये ती चिठ्ठी, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घालावी लागते. दादानं यातलं काही घातलं नव्हतं, फक्त गोळ्या आणि चकलीचं पाकीट. कागद ईमेलनं पाठवल्यावर अकराव्या दिवशी पार्सल सुटलं. चकली चुरा झाली होती. आणि पार्सल मुक्कामाच्या चौथ्या महिन्यात पाठवू नका, दुसऱ्यातच पाठवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पट्ट्या मोजा. विचारू नका, ते “घेतो गं” म्हणतात. मोजा. आणि गोळ्या कमी पडायला लागल्या तर अर्धी करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

तुम्हाला तुमच्या घरातल्या एखाद्या औषधाचा सातबारा बघायचा असेल आणि जमत नसेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर नाव पाठवा, पुढच्या भागात बघू. पाठवताना ब्रँडचं नाव नको, घटकाचं पाठवा. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं, चष्मा लावून बघा.